‘नंबर निम्म्याने कमी वाढतो’ म्हणजे नेमका किती? मुलांच्या मायोपियावरचे प्रयोग वाचताना

चष्म्याच्या दुकानात आणि डोळ्यांच्या दवाखान्यात हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडतं: या काचांनी, किंवा या थेंबांनी, मुलाचा मायनस नंबर, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचा दोष (मायोपिया), पन्नास टक्के कमी वाढतो. वाक्य खोटं नसतं. पण ते ऐकून पालक जो अर्थ लावतात, तो बऱ्याचदा चुकीचा असतो. कुणाला वाटतं, मायनस दोनचा नंबर उतरून मायनस एकवर येईल. कुणाला वाटतं, नंबर शेवटी जिथे जाऊन थांबणार होता, त्याच्या निम्म्यावरच थांबेल. दोन्ही नाही. एखाद्या प्रयोगात साध्या चष्म्याच्या मुलांचा नंबर दोन वर्षांत सरासरी जितका वाढला, त्याच्या निम्म्याने उपचार घेतलेल्या मुलांचा वाढला, एवढंच ते वाक्य सांगतं. मूळ वाढ किती होती, मुलं किती वर्षांची होती, मोजलं कशाने आणि तुलना कुणाशी केली, हे त्या टक्क्यात दिसत नाही. खरी गोम मात्र तिथेच असते.

म्हणून हा लेख टक्क्यांचा नाही, मिलिमीटरचा (डोळ्याची लांबी) आणि डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) आहे.

वाढतो तो डोळा

जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १६-१७ मिलिमीटर लांब असतो, मोठ्या माणसाचा साडेतेवीस-चोवीसच्या आसपास. ही वाढ बरोबर तेवढीच व्हावी यासाठी डोळ्यात एक यंत्रणा असते, आणि तिचा मुकादम असतो पडदा, म्हणजे दृष्टिपटल. प्रतिमा पडद्याच्या मागे पडते आहे की पुढे, याचा अंदाज घेऊन तो डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीपर्यंत ‘वाढ’ किंवा ‘थांब’ असे रासायनिक निरोप धाडतो. हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळलं. १९७७ साली व्हीझल आणि राव्हियोला यांनी दाखवलं की माकडाच्या पिल्लाची पापणी शिवून त्याला नीट प्रतिमा मिळू दिली नाही, तर डोळा लांबत जातो. पुढे कोंबडीच्या पिल्लांच्या डोळ्यांसमोर मायनस काच बसवली तर डोळा लांबतो आणि प्लस काच बसवली तर वाढ मंदावते, हेही दिसलं. आज विकल्या जाणाऱ्या ‘मायोपिया कंट्रोल’ काचांचं मूळ या पिल्लांत आहे.

मायोपियात डोळा गरजेपेक्षा जास्त लांबतो. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे ढोबळमानाने अडीच ते तीन डायॉप्टरचा मायनस नंबर. व्यवहारात लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. अठराव्या वर्षानंतर लेसर करून चष्मा जातो तेव्हाही फक्त बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक भागाचा आकार बदललेला असतो. आतला डोळा होता तेवढाच लांब राहतो, आणि ताणून पातळ झालेला पडदाही तसाच राहतो. पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याच्या मध्यभागाची झीज हे धोके लांबीबरोबर चढत जातात. मायनस सहाच्या पुढे ते विशेष वाढतात. बुलिमोर आणि ब्रेनन यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार शेवटचा नंबर एका डायॉप्टरने जरी कमी राहिला, तरी पडद्याच्या मध्यभागाच्या झिजेचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. एवढा सगळा खटाटोप त्या एका डायॉप्टरसाठी चालू आहे.

कशाने मोजलं?

मुलांच्या डोळ्यांतला जवळचं पाहण्याचा स्नायू दणकट असतो. यंत्रात डोकावताना मूल तो नकळत आवळतं, आणि खरा मायनस पाऊण असताना दीड निघतो. म्हणून औषधाचे थेंब घालून, स्नायू सैल करून काढलेला नंबरच ग्राह्य धरायचा. एका वर्षी थेंब न घालता आणि पुढच्या वर्षी थेंब घालून काढलेल्या नंबरांची तुलना करण्यात अर्थ नाही. थेंब घातले तरी दोन तपासण्यांत पाव डायॉप्टर इकडेतिकडे होतोच. त्यामुळे ‘पाव नंबर वाढला’ यावरून उपचार फसला असा निकाल देऊ नये.

डोळ्याची लांबी हे जास्त भरवशाचं माप. ऑप्टिकल बायोमीटर हे यंत्र डोळ्याला न टेकता, प्रकाशाच्या साहाय्याने लांबी मोजतं आणि त्याची चूक साधारण ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर एवढीच असते. जुनी सोनोग्राफीची पद्धत, ए-स्कॅन, हिची चूक ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. वाढणाऱ्या मुलाच्या डोळ्याची वर्षाची वाढच ०.२ ते ०.४ मिलिमीटर असते. मग त्या पद्धतीत मापाची चूकच वाढीचा मोठा हिस्सा खाऊन टाकते.

एक काल्पनिक कागद समोर धरू. नऊ वर्षांची मुलगी, उजवा डोळा: जूनमध्ये २४.१२, डिसेंबरमध्ये २४.३१. सहा महिन्यांत ०.१९, म्हणजे याच वेगाने वर्षाला ०.३८. चष्मा नसलेल्या शाळकरी मुलाचा डोळा वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर वाढतो. तेव्हा ०.३८ हा वेग सरळ जास्त आहे. पण सहा महिन्यांच्या आकड्याला दोनाने गुणताना हात आखडता घ्यावा. थंड देशांतल्या अभ्यासांत हिवाळ्यात डोळे जास्त वेगाने आणि उन्हाळ्यात कमी वेगाने वाढलेले दिसतात, त्यामुळे पूर्ण वर्षाची तुलना हीच खरी. आणि दर वेळी तेच यंत्र असावं. एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्या यंत्रावरच्या आकड्यातून वजा करू नये.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: वय वाढलं की वाढ आपोआप मंदावते. साडेसात वर्षांच्या मुलावर उपचार सुरू केला आणि दहाव्या वर्षी वाढ कमी दिसली, तर त्यातलं काही श्रेय वाढदिवसांचं असतं. उपचाराची खरी कामगिरी कळायला त्याच वयाची, उपचार न घेतलेली मुलं शेजारी लागतात. त्यासाठीच चिठ्ठ्या टाकल्यागत गट पाडून, कुणाला खरं औषध आणि कुणाला औषध नसलेले नुसते थेंब देऊन प्रयोग करतात.

०.०१ टक्क्याची चढउतार

अशा तुलनेत काय काय घसरू शकतं, हे कमी ताकदीच्या ॲट्रोपिनच्या इतिहासात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

ॲट्रोपिन हे जुनं औषध. बाहुली मोठी करतं आणि जवळचं पाहण्याचा स्नायू सैल करतं. सिंगापूरमध्ये ६ ते १२ वर्षांच्या ४०० मुलांवर ‘ॲटम-१’ हा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. एका डोळ्यात १ टक्का ॲट्रोपिन किंवा नुसते थेंब. दोन वर्षांत नुसत्या थेंबांच्या डोळ्यांचा नंबर सरासरी १.२० ने वाढला, ॲट्रोपिनच्या डोळ्यांचा फक्त ०.२८ ने. लांबीत वाढ ०.३८ मिलिमीटर विरुद्ध जवळपास शून्य. आकडे डोळे दिपवणारे होते. अडचण अशी की १ टक्का ॲट्रोपिनवर असलेल्या मुलाला उजेड सहन होत नाही आणि वही-पुस्तक धूसर दिसतं. शिवाय औषध थांबवल्यावर पुढच्या वर्षभरात त्या डोळ्यांचा नंबर १.१४ ने उसळला, तर नुसत्या थेंबांच्या डोळ्यांचा ०.३८ ने. दाबून धरलेली स्प्रिंग सोडल्यासारखं.

मग त्याच देशात ‘ॲटम-२’ झाला: ०.५, ०.१ आणि ०.०१ टक्का. ०.०१ चा परिणाम नगण्य असेल, अशी मूळ अपेक्षा होती. २०१२ मध्ये निकाल आले तेव्हा दोन वर्षांतली नंबरवाढ अनुक्रमे ०.३०, ०.३८ आणि ०.४९ निघाली. म्हणजे ०.०१ सुद्धा चांगलंच काम करतं! औषध थांबवल्यावर उसळीही त्याच गटात सर्वांत कमी. पाच वर्षांच्या एकूण हिशोबात ०.०१ च्या गटाचा नंबर सर्वांत कमी वाढला. दुष्परिणाम जवळजवळ नाहीत, परिणाम भरपूर. जगभरच्या दवाखान्यांनी ०.०१ उचलून धरलं यात नवल नाही.

पण या प्रयोगात एक खिंडार होतं. नुसत्या थेंबांचा गटच नव्हता. तुलना केली गेली ती काही वर्षं आधीच्या ॲटम-१ मधल्या मुलांशी. आणि लांबीचा रकाना पाहिला तर ०.०१ च्या मुलांचे डोळे दोन वर्षांत ०.४१ मिलिमीटर लांबले होते. ॲटम-१ मधल्या नुसत्या थेंबांच्या डोळ्यांची वाढ किती होती? ०.३८. म्हणजे नंबर मंदावलेला दिसत होता, डोळा मात्र होता त्याच वेगाने वाढत होता. (दोन प्रयोगांत लांबी मोजायची पद्धतही वेगळी होती, त्यामुळे हे दोन आकडेही शेजारी शेजारी ठेवताना जपून.) ॲट्रोपिन स्नायू सैल करत असल्याने नंबरात थोडी फसवी सुधारणा येऊ शकते. लांबीला तशी सवलत नसते.

ही शंका मिटवायला नुसत्या थेंबांचा गट असलेला प्रयोग हवा होता. तो हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठात झाला, नाव ‘लॅम्प’. ४ ते १२ वर्षांची ४३८ मुलं, चार गट. २०१९ मध्ये छापलेले पहिल्या वर्षाचे आकडे असे: नंबरवाढ ०.०५ टक्क्याच्या गटात ०.२७, ०.०२५ मध्ये ०.४६, ०.०१ मध्ये ०.५९ आणि नुसत्या थेंबांत ०.८१. लांबी त्याच क्रमाने ०.२०, ०.२९, ०.३६ आणि ०.४१ मिलिमीटर. जिना अगदी सरळ आहे: ताकद जास्त, परिणाम जास्त. सर्वांत खालच्या पायरीवर, ०.०१ वर, लांबीतला फरक वर्षाला ०.०५ मिलिमीटर. एवढा तर मापाच्या चुकीतही हरवेल. पहिल्या वर्षानंतर नुसत्या थेंबांच्या मुलांनाही ०.०५ वर घेण्यात आलं. फायदा दिसल्यावर त्यांना तसंच ठेवणं बरं नव्हतं. पण त्यामुळे दुसऱ्या वर्षापासून शुद्ध तुलना संपली, हेही खरं.

अमेरिकेत ५ ते १२ वर्षांच्या १८७ मुलांवर ०.०१ पुन्हा तपासलं गेलं. २०२३ मध्ये निकाल आला: दोन वर्षांत नंबरवाढ ०.८२ विरुद्ध ०.८०, लांबी ०.४४ विरुद्ध ०.४५. फरकच नाही. त्याच वर्षी ‘चॅम्प’ हा तीन वर्षांचा मोठा प्रयोग छापून आला. त्यात ०.०१ ने थोडा फायदा दाखवला आणि त्याच्या दुप्पट ताकदीचं ०.०२ मुख्य निकषावर नापास झालं. जास्त औषध कमी लागू पडावं, हे पचायला जड आहे. आपल्याकडे दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने ‘आय-ॲटम’ हा अनेक केंद्रांवरचा प्रयोग झाला, सुमारे १०० मुलं, ०.०१ टक्का, एक वर्ष. नंबरवाढ ०.१६ विरुद्ध ०.३५. टक्क्यांत सांगायचं तर निम्म्याहून कमी. लांबी ०.२२ विरुद्ध ०.२८, आणि हा फरक योगायोगाने पडलेला असू शकतो इतका छोटा. पुन्हा तीच कथा: नंबरात फायदा, लांबीत कुजबुज.

हे सगळं एकत्र ठेवलं तर आमचं मत असं की वेगाने वाढणाऱ्या लहान मुलाला ०.०१ देऊन ‘उपचार चालू आहे’ या समाधानात दोन वर्षं घालवणं परवडणारं नाही. लांबी मोजावी. वेग कमी होत नसेल तर ताकद वाढवण्याबद्दल किंवा काचा बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. ०.०५ फुकट मिळत नाही: लॅम्पमध्ये त्याने उजेडातली बाहुली सुमारे एक मिलिमीटरने मोठी झाली आणि जवळचं पाहण्याची ताकद जवळपास दोन डायॉप्टरने घटली. बहुतेक मुलं ते सहज निभावतात, कारण त्यांच्याकडे ती ताकद भरपूर असते. ज्याला उन्हात त्रास होतो त्याला उन्हात काळ्या होणाऱ्या काचा द्याव्यात. लॅम्पच्या दुसऱ्या प्रयोगात ४ ते ९ वर्षांच्या, अजून चष्मा नसलेल्या मुलांना ०.०५ दिलं. दोन वर्षांत २८.४ टक्के मुलांना मायोपिया झाला, नुसत्या थेंबांच्या गटात ५३ टक्क्यांना. ०.०१ च्या गटात ४५.९, म्हणजे नुसत्या थेंबांपासून ठामपणे वेगळं म्हणता येणार नाही असं. एक ध्यानात ठेवावं: लॅम्पची मुलं हाँगकाँगची होती आणि तिथे नंबर फार वेगाने वाढतात. वाचवायला जितकं जास्त, तितकी बचतही मोठी दिसते.

थेंब घालण्याची रीत सोपी, पण चुकते तीच जास्त. रात्री झोपताना एकेका डोळ्यात एकच थेंब. नंतर डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर मिनिटभर बोट दाबून धरायचं, म्हणजे औषध नाकावाटे पोटात उतरत नाही. एक रात्र चुकली तर दुसऱ्या रात्री दोन थेंब नाहीत. बाटली उघडल्याची तारीख पेनाने तिच्यावरच लिहावी आणि वेष्टनावर दिलेली मुदत संपली की उरलेलं फेकावं.

आणि सर्वांत धोक्याची चूक. नंबर तपासण्याआधी घालायला दिलेलं १ टक्का ॲट्रोपिन कित्येक घरांत कपाटात पडून असतं. ते ०.०१ च्या शंभरपट ताकदीचं आहे. दोन्ही बाटल्यांवर ‘ॲट्रोपिन’ हेच नाव असतं, फरक फक्त दशांशचिन्हाचा. जुनी बाटली टाकून द्यावी. ती घरी पाणी घालून पातळ करण्याचा विचार तर स्वप्नातही नको: प्रमाण चुकतं आणि निर्जंतुकपणा जातो. मुलाचा चेहरा लाल झाला, तोंड कोरडं पडलं, अंग तापलं, छातीत धडधडू लागलं, तर थेंब बंद आणि लगेच डॉक्टर.

काचा, लेन्स आणि रात्रीची लेन्स

नव्या ‘मायोपिया कंट्रोल’ चष्म्याची काच उजेडाकडे तिरकी धरा. मधोमध सुमारे ९ मिलिमीटरचा गुळगुळीत भाग दिसेल आणि त्याभोवती मधाच्या पोळ्यासारखी नक्षी. मियोस्मार्ट या काचेत ही नक्षी म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास रुंदीची सुमारे ४०० सूक्ष्म भिंगं, प्रत्येकात साडेतीन डायॉप्टर जादा प्लस. मधून मूल स्पष्ट पाहतं. भिंगांतून गेलेला प्रकाश पडद्याच्या पुढे धूसर पडतो आणि पडद्याला ‘थांब’ हा निरोप मिळतो. स्टेलेस्ट या दुसऱ्या काचेत भिंगांची ११ वर्तुळं असतात, आकार वेगळा, विचार तोच.

हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या प्रयोगात, ८ ते १३ वर्षांच्या मुलांत, दोन वर्षांत साध्या काचेच्या गटाची नंबरवाढ ०.८५ होती, भिंगांच्या काचेची ०.४१. लांबी ०.५५ विरुद्ध ०.२१ मिलिमीटर. जाहिरातीतले ‘५२ टक्के’ आणि ‘६२ टक्के’ हे यातूनच आले. हातात काय पडलं? दोन वर्षांत ०.४४ डायॉप्टर आणि ०.३४ मिलिमीटर. चीनमधल्या वेन्झोउ इथल्या प्रयोगात स्टेलेस्टच्या काचांनी दोन वर्षांत ०.८० डायॉप्टर वाचवले, आणि रोज किमान १२ तास चष्मा घालणाऱ्या मुलांत ०.९९. शाळेतून आल्यावर चष्मा काढून ठेवणाऱ्यांनी या दोन आकड्यांतला फरक वाचावा.

काचा चांगल्या असूनही उपचार फसतो तो बहुधा फ्रेमपायी. मुलाची बाहुली त्या ९ मिलिमीटरच्या बरोबर मध्याशी यायला हवी. म्हणून निवडलेली फ्रेम मुलाच्या नाकावर बसवून, मूल सरळ समोर पाहत असताना बाहुलीची उंची त्या फ्रेमवरच मार्क करावी लागते. फ्रेम न घालता नुसतं दोन बाहुल्यांतलं अंतर मोजून ऑर्डर गेली तर गडबड ठरलेली. त्यात चष्मा नाकावरून घसरला की मूल काचेच्या वरून वाचतं, आणि मग महागड्या भिंगांचा उपयोग काय? सपाट नाकाच्या मुलाला नोज-पॅड बदलता येतील अशी फ्रेम आणि मागून बांधायची पट्टी घ्या. घरात ‘जुना चष्मा शाळेसाठी, नवा घरासाठी’ अशी वाटणी असेल, तर दिवसातले सहा-सात तास उपचार बंद असतो.

कॉन्टॅक्ट लेन्समध्ये मायसाइट या रोजच्या रोज टाकून द्यायच्या लेन्सचा तीन वर्षांचा प्रयोग झाला, त्यात नंबरवाढ ०.५१ विरुद्ध १.२४. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने तिला मंजुरी दिली. रात्री घालून झोपायची कडक लेन्स, ऑर्थो-के, ही बुबुळाचा पुढचा भाग तात्पुरता सपाट करते, त्यामुळे दिवसा चष्म्याशिवाय दिसतं. याच कारणाने तिच्यात नंबर मोजून वाढ कळत नाही, लांबीच मोजावी लागते. हाँगकाँगच्या ‘रोमिओ’ प्रयोगात दोन वर्षांत लांबी ०.३६ विरुद्ध ०.६३ मिलिमीटर वाढली. फायदा खरा आहे, पण रात्रभर डोळ्यात लेन्स ठेवल्याने जंतुसंसर्गाची शक्यता असते. एका अमेरिकी पाहणीत मुलांमध्ये ती दर १०,००० रुग्णवर्षांमागे (एका मुलाने वर्षभर लेन्स वापरली की एक रुग्णवर्ष) १३.९ निघाली. आकडा लहान आहे, पण तसा संसर्ग झालेला डोळा कायमचा अधू होऊ शकतो. लेन्स किंवा तिची डबी नळाच्या पाण्याने कधीही धुवू नये. पाण्यातला अकँथअमीबा हा जीव असा संसर्ग करतो की तो महिनोन् महिने बरा होत नाही. ज्या घरात मुलाच्या हात धुण्यावर रोज भांडण होतं, त्या घराने ही लेन्स घेऊ नये.

कमी नंबराचा चष्मा दिला तर डोळा ‘आळशी’ होत नाही आणि नंबर थांबतो, हा समज अजून घरोघरी आहे. मलेशियात ते तपासलं गेलं: ९४ मुलं, निम्म्यांना मुद्दाम पाऊण नंबर कमी दिला. दोन वर्षांनी कमी नंबरवाल्यांची वाढ १.००, पूर्ण नंबरवाल्यांची ०.७७. समज उलटा निघाला. प्रोग्रेसिव्ह काचांचा (वर लांबचा, खाली जवळचा नंबर) अमेरिकेतला ‘कॉमेट’ प्रयोग आणखी एक धडा देतो: ४६९ मुलांत तीन वर्षांत फरक ०.२० डायॉप्टर. संख्याशास्त्रात पास, दवाखान्यात निरुपयोगी. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांनी नंबर थांबतो, याला आधार नाही.

ऊन

ग्वांगझू शहरातल्या १२ शाळांपैकी निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास बाहेर काढायला लावला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना मायोपिया झाला होता, उरलेल्या शाळांत ३९.५. तैवानने २०१० पासून शाळाशाळांत दिवसाला १२० मिनिटं बाहेर असा कार्यक्रमच राबवला. कारण बहुधा उजेड: वर्गात दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, बाहेर सावलीतही हजारोंत. तेवढ्या उजेडात पडद्यात डोपामिन हे रसायन जास्त सुटतं आणि ते वाढीला लगाम घालतं. म्हणजे भर दुपारी उन्हात उभं राहायची गरज नाही. झाडाखाली, टोपी घालून, खेळत असलं तरी चालतं. खिडकीजवळ बसून अभ्यास हे मात्र ‘बाहेर’ नव्हे.

उन्हाचा जोर मायोपिया येऊ न देण्यात आहे. एकदा नंबर लागल्यावर तो थांबवण्यात त्याचा परिणाम फारसा दिसत नाही. म्हणून ही गोळी धाकट्या भावंडासाठी, ज्याला अजून चष्मा नाही. आई-वडील दोघांनाही मोठा मायनस असेल तर आणखी आधी. २०२० च्या टाळेबंदीनंतर चीनच्या शानडोंग प्रांतातल्या एका शहरात सहा वर्षांच्या मुलांपैकी २१.५ टक्के मायोपियाचे निघाले. त्याआधीच्या पाच वर्षांत हा आकडा ५.७ च्या वर कधी गेला नव्हता. आपल्याकडे दिल्लीच्या शाळांतल्या ९,८८४ मुलांच्या २०१५ मधल्या पाहणीत १३.१ टक्के मुलं मायोपियाची होती. सिंगापूर-हाँगकाँगपेक्षा हे कितीतरी कमी आहे, म्हणून ही वेळ अजून हातातली आहे.

लाल दिवा

चीनमधून आलेल्या एका यंत्रात मुलाने दिवसातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात पाहायचं असतं. प्रयोगांतले आकडे इतके चांगले की काही मुलांचे डोळे आखूड झालेलेही दिसले. पण तो प्रकाश थेट पडद्याच्या मध्यावर पडतो. २०२३ मध्ये अशा उपचारानंतर बारा वर्षांच्या मुलीच्या पडद्याला इजा झाल्याची नोंद छापून आली, आणि चीननेच ही यंत्रं सर्वांत कडक नियंत्रणाच्या वर्गात टाकली. ऑनलाइन मागवून घरी वापरायची ही वस्तू नाही. आमच्या मते आज तरी दवाखान्यातही नाही.

किती काळ, आणि थांबवायचं कधी

पहिल्या वर्षाचा टक्का पुढे दहा वर्षं तसाच चालेल असं धरू नका. परिणाम पहिल्या वर्षात सर्वांत मोठा असतो. २०२१ च्या एका आढाव्यात, तोवरच्या सगळ्या प्रयोगांत मिळून कुणीही लांबीत वाचवलेलं सर्वाधिक अंतर ०.४४ मिलिमीटर भरलं, म्हणजे साधारण एक डायॉप्टर. कुणी तीन-चार नंबर वाचवून देतो म्हणत असेल, तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा.

थांबवण्याची घाई दहाव्या-बाराव्या वर्षी करू नये. कॉमेटमधल्या मुलांचा नंबर सरासरी साडेपंधराव्या वर्षी स्थिरावला, पण पंधराव्या वर्षी निम्म्याच मुलांचा स्थिरावला होता आणि अठराव्या वर्षीही जवळपास चौथ्या हिश्शाचा वाढतच होता. थेंब एका रात्रीत बंद न करता हळूहळू कमी करावेत. लहान वयात थांबवलं तर उसळी जास्त. थांबवल्यावर सहा महिन्यांनी लांबी पुन्हा मोजावी. वेग वाढला असेल तर उपचार परत सुरू.

उपचार चालू असो वा नसो, मायनस सहाच्या पुढच्या मुलाचा पडदा वर्षातून एकदा बाहुली मोठी करून, अगदी कडेपर्यंत तपासून घ्यावा. मूल म्हणालं की डोळ्यासमोर अचानक खूप काळे ठिपके तरंगताहेत, कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं होतंय किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आलीय, तर उद्याची अपॉइंटमेंट नाही, त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे.